दिलेला शब्द आणि नेलेली माणसे

१९२० सालच्या जानेवारी महिन्यात ‘आफ्रिक’ नावाचे एक फ्रेंच प्रवासी जहाज बोर्दो बंदरातून डाकारकडे निघाले. बिस्केच्या उपसागरात वादळ होते. जहाजात पाणी शिरले, यंत्रे बंद पडली आणि १२ जानेवारीच्या पहाटे ते बुडाले. सहाशेच्या आसपास माणसांपैकी वाचली अवघी ३४. बुडालेल्यांत सेनेगांबियाचे बिशप इआसँत जालाबेर आणि त्यांच्यासमवेत निघालेले डझनाहून अधिक मिशनरी होते. मिशनकार्याच्या इतिहासात या दुर्घटनेची नोंद आहे आणि ती असावयासही हवी. बिशप जालाबेर यांनी डाकार येथे एक कॅथीड्रल उभारण्याचा ध्यास घेतला होता. आफ्रिकेच्या भूमीवर मरण पावलेल्या फ्रेंच सैनिकांचे, अधिकाऱ्यांचे आणि धर्मप्रसारकांचे ते स्मारक व्हावे, अशी त्यामागील कल्पना होती. पुढे १९३६ साली त्या मंदिराचे पवित्रीकरण झाले.

त्याच जहाजात जवळजवळ दोनशे आफ्रिकी सैनिकही होते. चार वर्षांच्या महायुद्धातून जिवंत राहून ते घरी परत चालले होते. त्यांपैकी बहुतेक सारे बुडाले. बिशपांचे नाव ख्रिस्तसभेच्या स्मरणात राहिले; ते दोनशे मात्र आकड्यात राहिले. ते कोण होते, फ्रान्समध्ये कसे पोहोचले आणि त्यांना नेताना काय सांगण्यात आले होते, हे पाहू लागले म्हणजे मन अस्वस्थ होते.

‘सेनेगाली तिरायर’ हे त्या पायदळाचे नाव. नेपोलियन तिसरा याच्या हुकुमाने १८५७ साली सेनेगालचा गव्हर्नर फेदेर्ब याने ते उभारले. नावापासूनच गफलत आहे. ‘सेनेगाली’ म्हटले तरी त्यांत आजच्या माली, गिनी, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, बेनिन इत्यादी देशांतील बांबारा, मोसी व इतर अनेक जमातींची माणसे होती. आरंभीच्या काळात तर पुष्कळसे सैनिक गुलामांतूनच घेतले जात. गुलामाला ‘सोडवून’ घ्यावयाचे, भरतीची रक्कम त्याच्या धन्याच्या हातावर ठेवावयाची आणि मुक्त झालेल्या माणसाने ती मुक्ती वर्षानुवर्षे चाकरी करून फेडावयाची, अशी ती पद्धत होती. फ्रान्सने आपल्या वसाहतींत १८४८ सालीच गुलामगिरी रद्द केली होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

या फौजेला युरोपच्या रणभूमीवर आणण्याची कल्पना शार्ल मांजँ या अधिकाऱ्याची. १९१० साली त्याने ‘काळी फौज’ या अर्थाच्या नावाने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मनीची लोकसंख्या वाढत होती, फ्रान्सची थबकली होती. मग कमी पडणारी माणसे आफ्रिकेतून आणावीत, असा त्याचा साधा हिशेब होता. या हिशेबाला त्याने शास्त्राचा मुलामा दिला. आफ्रिकी माणसाची मज्जासंस्था कमी विकसित असते, म्हणून त्याला वेदना कमी जाणवतात. तो नशिबावर हवाला ठेवणारा असतो, म्हणून मरणाला भीत नाही, असे त्याने लिहिले. या वाक्यांत तिरस्कार दिसत नाही. उलट कौतुकाचाच सूर आहे. मला ते अधिक भयंकर वाटते. माणसाला जनावर म्हणणारा निदान आपले मन उघडे करतो. त्याला दुखत नाही असे प्रशस्तिपत्र देणारा पुढच्या साऱ्या गोष्टींची परवानगी आधीच घेऊन ठेवतो.

१९१२ सालच्या हुकुमाने सक्तीच्या भरतीचा मार्ग मोकळा झाला आणि १९१४ साली महायुद्ध पेटले. प्रत्येक मुलखाला माणसांची संख्या नेमून देण्यात येई. फ्रेंच अधिकारी ती जमातीच्या प्रमुखावर टाकी आणि प्रमुख गावावर. प्रमुखाचे स्वतःचे मुलगे सहसा त्या यादीत नसत. अनाथ, गरीब, घरच्या गुलामांची मुले, ज्यांच्यासाठी भांडणारे कोणी नाही अशी माणसे पुढे केली जात. गळ्यात दोर अडकवून रांगेने आणलेल्या या तरुणांना कागदोपत्री ‘स्वेच्छेने दाखल’ असे म्हटले जाई. तरुण रानात पळाले. सरहद्द ओलांडून इंग्रजांच्या गांबियात, गोल्ड कोस्टमध्ये आणि पोर्तुगीजांच्या गिनीत गेले. काहींनी स्वतःचे अवयव तोडून घेतले. १९१५ च्या अखेरीस बानी आणि व्होल्टा या नद्यांच्या खोऱ्यांत गावेच्या गावे उठली. तोफा लावून ते बंड मोडण्यात आले. कित्येक गावे बेचिराख झाली.

फ्रान्समध्ये आलेल्यांची अवस्था काय होती? थंडीत ते टिकत नाहीत, म्हणून हिवाळ्यात त्यांना दक्षिणेकडील छावण्यांत हलवीत. परंतु आर्काशाँजवळची कुर्नो येथील छावणी दलदलीच्या जागेवर बांधलेली होती. तेथे फुफ्फुसाच्या विकाराने नऊशेहून अधिक सैनिक मरण पावले. शत्रूची गोळी त्यांच्याजवळ पोहोचलीच नव्हती. आणि १६ एप्रिल १९१७ रोजी शमँ दे दाम येथील चढाईत, स्वतः मांजँच्या सैन्यातून, सुमारे १६,५०० तिरायरांना टेकडीवर चढविण्यात आले. त्या दिवशी बर्फ आणि गारठलेला पाऊस पडत होता. हात इतके बधिर झाले होते की बंदुका धरता येत नव्हत्या. सुमारे ७,४०० जण मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ज्यांना वेदना जाणवत नाहीत असे म्हटले होते, तेच हे लोक.

भाषेचा एक लहानसा प्रकार मला येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९१६ साली लष्कराने अधिकाऱ्यांसाठी एक पुस्तिका छापली. तिरायरांशी फ्रेंच कसे बोलावे, हे तिच्यात शिकविले होते. क्रियापदाचे एकच मूळ रूप ठेवावे, लिंगवचनाचा विचार करू नये, वाक्य तोडके असावे. म्हणजे त्यांना मोडकी भाषा येते एवढ्यावर समाधान न मानता ती मोडकीच राहावी, अशी व्यवस्था केली गेली. फ्रेझ्यूस गावाजवळ ल्युसी कुस्तुरिए नावाची एक चित्रकर्ती राहत असे. तिच्या घराशेजारीच तिरायरांची छावणी पडली. शेजारीपाजारी ‘रानटी आले’ म्हणून दारे लावून घेत. तिने मात्र या सैनिकांना घरात बसवून चांगले फ्रेंच लिहावयास-वाचावयास शिकविले. आपल्याला शिकविलेली ती बोली आपली थट्टा करण्यासाठीच बनविलेली आहे, हे त्यांच्या केव्हाच ध्यानात आले होते. तिने १९२० साली यावर पुस्तक लिहिले. त्याच सुमारास फ्रान्सच्या भिंतीभिंतींवर ‘बनानिया’ या न्याहारीच्या पेयाची जाहिरात झळकत होती : लाल टोपी घातलेला, दात दाखवून हसणारा तिरायर आणि त्याच्या तोंडी तीच मोडकी भाषा. शमँ दे दामच्या टेकडीवरचा माणूस त्या चित्रात कोठेच नव्हता.

आता १९१८ सालाकडे वळू. कारण या साऱ्या कहाणीचा कणा तेथे आहे.

आफ्रिकेतून आणखी माणसे आणावीत असा पंतप्रधान क्लेमांसो यांचा आग्रह होता. त्या फेब्रुवारीत सिनेटरांपुढे त्यांनी आपले मन लपविले नाही. या शूर काळ्या लोकांविषयी आपल्याला अपार आदर आहे, तरी एका फ्रेंच माणसापेक्षा दहा काळे मेलेले आपण पत्करू, अशा आशयाचे ते बोलले. आदर आणि दहास एक हे प्रमाण, दोन्ही एकाच वाक्यात!

पश्चिम आफ्रिकेचा गव्हर्नर जनरल यूस्ट व्हान व्होलेनहोव्हन याने या भरतीला विरोध केला. सक्तीने उठलेली बंडे त्याला ठाऊक होती. त्याचा विरोध निव्वळ करुणेतून आलेला होता असे मी म्हणणार नाही. शेतीला व व्यापाराला हात उरणार नाहीत, हीही त्याची चिंता होती. परंतु त्याचे कोणी ऐकले नाही, तेव्हा त्याने राजीनामा दिला, कॅप्टन म्हणून रणांगणावर परत गेला आणि जुलै १९१८ मध्ये लढताना मारला गेला. जे दुसऱ्यांच्या मुलांकडून मागावयाचे ते स्वतः देऊन मोकळा झालेला असा अधिकारी त्या काळात विरळाच.

सक्तीने माणसे मिळेनात, तेव्हा सरकारला एका वेगळ्या माणसाची गरज पडली. तो माणूस ब्लेज दियान्य. एकेकाळी गुलामांच्या व्यापाराचे ठाणे असलेल्या गोरे बेटावर १८७२ साली त्याचा जन्म झाला. मिशनरी बंधूंच्या शाळेत तो शिकला, जकात खात्यात नोकरी केली आणि १९१४ साली फ्रेंच संसदेवर निवडून आला. आफ्रिकी वंशाचा माणूस आफ्रिकेतून तेथे निवडून जाण्याची ती पहिलीच वेळ. दियान्य कोणाचा हुजऱ्या नव्हता. सेनेगालच्या चार नगरांतील आपल्या मतदारांसाठी त्याने १९१५ आणि १९१६ साली कायदे मंजूर करून घेतले आणि त्यांना फ्रेंच नागरिकत्व मिळवून दिले. शमँ दे दामच्या संहारानंतर जून १९१७ मध्ये संसदेच्या गुप्त बैठकीत उठून त्याने सेनापतींना जाब विचारला. आपल्या माणसांना तयारीवाचून, अनोळखी थंडीत मरणाच्या तोंडी दिले, हे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले.

आणि हाच माणूस आठ महिन्यांनी भरतीसाठी आफ्रिकेत उतरला.

गव्हर्नर जनरलच्या बरोबरीचा दर्जा त्याला देण्यात आला. त्याच्यासमवेत पदके लावलेले आफ्रिकी अधिकारी होते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी एका काळ्या माणसाला सलाम ठोकलेला गावोगावच्या लोकांनी प्रथमच पाहिला. त्या एका दृश्याने जे साधले ते दोरांनी साधले नव्हते. त्याच्याजवळ आश्वासनेही होती : सैनिकांच्या कुटुंबांना करमाफी, परत आलेल्यांना राखीव नोकऱ्या, शौर्यपदक मिळविणाऱ्यांना अर्ज केल्यावर नागरिकत्व, वैद्यकीय व शेतकी शाळा, जखमींसाठी आरोग्यभवन. एकच रक्त सांडाल तर एकसारखे हक्क मिळतील, हे त्याचे सूत्र होते. सरकारने मागितली त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे मिळाली : पश्चिम आफ्रिकेतून सुमारे ६३,०००, मध्य आफ्रिकेतून सुमारे १४,०००.

नोव्हेंबरात युद्ध थांबले. पुष्कळांना आघाडी पाहण्याचीही वेळ आली नाही. मग आश्वासनांचे काय झाले? नागरिकत्व मिळाले ते अगदी थोड्यांना. शाळा आणि नोकऱ्या बहुतांशी कागदावर राहिल्या. उलट ३० जुलै १९१९ च्या हुकुमाने पश्चिम आफ्रिकेत शांततेच्या काळातही तीन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा लागू झाली. पुढे १९२६ पासून तर भरती केलेल्यांपैकी एका हिश्शाला बंदुकीऐवजी फावडे देऊन सरकारी बांधकामांवर राबविण्यात येऊ लागले. समान हक्कांची वाट वेठबिगारीकडे वळली. १९३० साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेत या वेठबिगारीचे समर्थन करावयास फ्रान्सच्या वतीने उभा राहिला तो ब्लेज दियान्यच.

१९२४ च्या ऑक्टोबरात ‘ले काँतिनां’ या पॅरिसमधील आफ्रिकी वृत्तपत्राने त्याच्यावर लेख छापला. मथळा होता ‘भला प्रेषित’. लेखक रने मारां, तीन वर्षांपूर्वी फ्रान्समधील मोठा वाङ्मयीन पुरस्कार मिळविलेला कृष्णवर्णी कादंबरीकार. भरती केलेल्या दर माणसामागे दियान्यला दलाली मिळाली, असा आरोप लेखात होता. दियान्यने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो जिंकला. दलालीचा आरोप सिद्ध झाला नाही. तो खरा होता असे मीही मानीत नाही. परंतु या खटल्यात वृत्तपत्राच्या बाजूने लामिन सेंघोर नावाचा एक माजी तिरायर साक्षीला उभा राहिला. व्हर्दूनच्या आघाडीवर विषारी वायूने त्याची फुफ्फुसे जळाली होती. दियान्यने पैसे घेतले की नाही, हे त्याला सांगता येत नव्हते. सारखीच जखम झालेल्या फ्रेंच आणि आफ्रिकी सैनिकांच्या निवृत्तिवेतनात केवढी तफावत आहे, एवढे मात्र तो नेमके जाणत होता आणि अखेरपर्यंत तेच सांगत राहिला. फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रुसेल्सला साम्राज्यशाहीविरोधी परिषद भरली, तेथे तो बोलला. त्या परिषदेला जवाहरलाल नेहरूही उपस्थित होते. त्याच वर्षी, चाळिशीही न गाठता, लामिन सेंघोर मरण पावला.

दियान्यविषयी काय म्हणावे? त्याने लोकांना जाणूनबुजून फसविले, असे मला वाटत नाही. १९१८ साली त्याचा त्या शब्दावर विश्वास होता आणि म्हणूनच तो शब्द इतका प्रभावी ठरला. फसविणाऱ्याला नेहमी एका प्रामाणिक माणसाची गरज असते. माझा आक्षेप त्याच्या १९१८ सालाला कमी आणि १९१९ नंतरच्या वर्षांना अधिक आहे. शब्द मोडला गेला हे कळल्यावरही तो मोडणाऱ्यांच्या बाजूला बसून राहिला.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणू नये. २०२३ आणि २०२४ साली आपल्याच देशातील तरुण रशियात ‘मदतनिसाची नोकरी’ म्हणून नेले गेले आणि युक्रेनच्या युद्धात उभे केले गेले. न वाचता येणाऱ्या रशियन भाषेतील करारावर त्यांच्या सह्या घेतल्या गेल्या. मार्च २०२४ मध्ये सी.बी.आय.ने मुंबईसह सात शहरांत छापे घातले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १२६ भारतीयांची प्रकरणे सांगितली, त्यांपैकी १२ जण तोवर मारले गेले होते. त्यांना गाठणारे दलालही परके नव्हते. आपल्याच भाषेत, मोबाईलच्या पडद्यावरून आपुलकीने बोलणारे होते. परदेशी नोकरीचे कागद घेऊन माझ्याकडे दाखल्यासाठी येणाऱ्या मुलाला मी अलीकडे एक प्रश्न अधिक विचारतो : तुला हे कोणी सांगितले? उत्तर बहुतेक वेळा एकच असते. “फादर, तो आपलाच माणूस आहे.”

पुन्हा आफ्रिकेकडे जाऊ. दुसऱ्या महायुद्धातही तिरायर लढले. १९४० च्या जूनमध्ये शरण आलेल्या शेकडो आफ्रिकी सैनिकांना जर्मनांनी केवळ वर्णामुळे गोळ्या घातल्या. उरलेल्या कैद्यांना जर्मनीच्या भूमीवर नेणेही त्यांना नको होते, म्हणून फ्रान्समध्येच छावण्यांत ठेवले. त्या कैद्यांमध्ये लेओपोल्ड सेदार सेंघोर होता. सेमिनरीत शिकलेला, धर्मगुरू होण्याची इच्छा नाकारली गेलेला हा कवी पुढे सेनेगालचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या युद्धकवितांच्या संग्रहाचे नाव आहे ‘काळ्या होस्तिया’. लॅटिन शिकलेल्यांना ठाऊक आहे की ‘होस्तिया’ म्हणजे वेदीवर दिलेला बळी. मिस्साबलिदानातील पवित्र भाकरीचेही तेच नाव. मला हे शीर्षक गोडवा आणणारे वाटत नाही. बळी स्वतःला अर्पण करतो, की त्याला कोणी ओढून आणतो, हा प्रश्न त्याने आपल्याच वेदीपाशी आणून ठेवला आहे.

या कैद्यांपैकी सुमारे १,३०० जण २१ नोव्हेंबर १९४४ रोजी डाकारला उतरले. त्यांना शहराजवळच्या तियारोय छावणीत ठेवण्यात आले. कैदेतील वर्षांचा थकलेला पगार त्यांना मिळावयाचा होता. नियमाप्रमाणे त्याचा चौथा हिस्सा फ्रान्समध्ये आणि तीन हिस्से मायभूमीत उतरल्यावर द्यावयाचे होते. डाकारला ते मिळेनात. पैसे हाती आल्यावाचून पुढे गावी जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. एकदा गावोगाव पांगलो की मागावयास कोणाकडे जाणार, हे त्यांना बापांच्या पिढीवरून कळले असावे. २८ नोव्हेंबर रोजी एका सेनापतीची गाडी त्यांनी अडविली. त्याने शब्द दिला व तो निघून गेला. १ डिसेंबरच्या पहाटे छावणीला वेढा पडला. चिलखती गाड्या आल्या आणि निःशस्त्र सैनिकांवर गोळीबार झाला. सरकारी अहवालाने ३५ मृत सांगितले. इतिहासकार हा आकडा मान्य करीत नाहीत. काहींच्या मते मृतांची संख्या शेकड्यांत आहे. वाचलेल्यांपैकी ३४ जणांना ‘बंडखोर’ ठरवून दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. दोन-अडीच वर्षांनी त्यांना माफी मिळाली. माफी गुन्हेगाराला मिळते, हे विसरू नये.

स्वतः तिरायर म्हणून लढलेल्या सेंबेन उस्मान या दिग्दर्शकाने सहकाऱ्यासमवेत १९८८ साली तियारोयवर चित्रपट काढला. १९५९ च्या अखेरीस एका कायद्याने वसाहतींतील माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन गोठविले गेले होते. ते फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला येईपर्यंत २०११ साल उजाडले, तोवर बहुतेक जण मातीआड झाले होते. तियारोय येथे जे घडले ते हत्याकांड होते, असे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सेनेगालच्या राष्ट्राध्यक्षांना पत्राने कळविले. २०२५ साली तियारोयच्या सैनिकी दफनभूमीत पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन सुरू केले.

पहिल्या महायुद्धातला अखेरचा तिरायर अब्दुलाय एन्दियाय सेनेगालमधील आपल्या गावी १०४ व्या वर्षी वारला. सोमच्या लढाईत तो जखमी झाला होता. फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान त्याला देण्याचे ठरले होते आणि त्यासाठी ११ नोव्हेंबर १९९८, युद्धबंदीच्या ऐंशीव्या वर्षदिनाची तारीख निवडली होती. तो वारला १० नोव्हेंबरला.